डाव्या हातावरचा शिक्का

त्या उन्हाळ्यात वैरण संपली आणि कत्तलखान्याच्या दारात जनावरांची रांग लागली. म्हशी, रेडे, जे जे म्हातारं, भाकड आणि खंगलेलं होतं ते लोक आणून बांधायचे आणि मागे वळूनही न बघता निघून जायचे. रोज पंधरा जनावरं पडायची तिथे तीस पडायला लागली. सोलणारे मात्र तेवढेच, अकरा. सकाळी हातात घेतलेली सुरी दुपार टळली तरी खाली ठेवता यायची नाही. बोटं आखडून जायची, आणि दमलेल्या हातातली सुरी कधी कुठे घसरेल याचा काही भरवसा नसतो.

या अकरा जणांचा म्होरक्या होता वस्ताद. त्याला खऱ्या नावानं हाक मारणारं शेवटचं माणूस म्हणजे त्याची आई, आणि ती जाऊनही पंधरा वर्षं झाली होती. बायकोसुद्धा शेजारपाजारी 'वस्ताद अजून आले नाहीत' असंच म्हणायची. साठीला टेकलेला, बुटका, खांद्यात रुंद आणि बोलायला तिखट. पण कातडं उतरवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पोटावर एक सरळ रेघ, चार पायांना चार रेघा, एवढंच सुरीचं काम. मग सुरी दातात धरायची आणि मूठ आत घालायची. मुठीच्या दाबानं कातडं मांसापासून असं सुटत जायचं, की ओला सदरा कोणी अंगातून काढतंय असं वाटावं. उतरलेलं कातडं तो दारात नेऊन उन्हाकडे धरायचा. त्यात एक जरी भोक दिसलं, तरी त्या दिवशी त्याच्या वाटेला जायची कोणाची छाती व्हायची नाही.

"मालक खोटं बोलेल," तो म्हणायचा, "कातडं नाही बोलणार." आणि मग दाखवायचा. हे गोचिडीचे डाग, हा काटेरी तारेचा ओरखडा, हे आसुडाचे वळ. मानेवर ही टक्कल पडल्यासारखी जागा म्हणजे गाडीचं जोखड. हिला दोन वर्षांपूर्वी उपाशी ठेवलं होतं, बघा, कातडं इथं कसं पातळ झालंय. ऐकणारे हसायचे, पण मान डोलवायचे. एवढ्या वर्षांत त्यानं कातडं वाचलं आणि ते चुकलं, असं कोणी पाहिलं नव्हतं.

आणि त्याच्या डाव्या हातावर शिक्का होता.

शिक्का म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या बेचक्यातला, रुपयापेक्षा जरा मोठा, झाडाच्या सालीसारखा खडबडीत चट्टा. मध्ये भेगा, कडेला जांभळट रंग. दुखत नाही, खुपत नाही, वर्षानुवर्षं आहे तिथे असतो, फार तर गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकतो. वस्तादाच्या बापाला होता, आज्याला होता. अकरा जणांपैकी सात जणांना होता. 'डावरा' म्हणून जो एक होता, त्याचं सगळंच उलटं, म्हणून त्याचा उजव्या हातावर होता, आणि त्यावरून त्याची रोज एकदा तरी थट्टा व्हायची.

हा शिक्का येतो कसा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. डावा हात कातडं ताणून धरतो, उजव्या हाताची सुरी घसरली की चावते ती नेमकी त्या बेचक्यात. चावली की ओरडायचं नाही. जनावराच्या मूत्रपिंडाभोवतीची ताजी, ऊन ऊन चरबी अंगठ्यानं उचलायची, जखमेत दाबून भरायची, वर चिंधी बांधायची आणि कामाला लागायचं. रक्त जागच्या जागी थांबतं. असे दहा-वीस चावे झाले, वर्षं गेली, की त्यातल्या एखाद्या जागी कातडी खडबडीत व्हायला लागते. मग वस्ताद तो हात उजेडात धरून बघायचा आणि जाहीर करायचा, "बसला रे शिक्का." त्या दिवसापासून त्या गड्याला जनावराची पाठ सोलायला मिळायची. कारण पाठीचं कातडं सगळ्यात मोलाचं, आणि शिक्का नसलेल्या हातात ते कोणी देत नसे.

वस्तादाला एकच मुलगी होती, चोवीस वर्षांची. ती पावाच्या दुकानात गिऱ्हाईक सांभाळायची. चुणचुणीत, बापासारखीच तिखट, आणि दिसायला अशी की पाव नको असलेली माणसंही पाव घेऊन जायची. तीन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या कानाच्या पाळीवर एक तांबूस दाणा आला. मग दोन. मग त्यांचा मिळून एक चट्टा झाला. तो मध्ये बरा व्हायचा आणि कडेनं पसरायचा. पेटलेल्या गवतासारखं, मध्ये राख आणि कडेला जाळ. मधली कातडी कागदासारखी पातळ, पांढुरकी, सुरकुतलेली. कानाची पाळी झिजून झिजून अर्धी राहिली आणि त्या उन्हाळ्यात चट्टा गालावर उतरला.

एका संध्याकाळी ती घरी आली आणि डोक्याला गुंडाळलेली ओढणी न सोडताच मोरीच्या कट्ट्यावर बसली.

"मला आत टाकलं," ती म्हणाली.

"आत म्हणजे कुठे?" आईनं विचारलं.

"मागे, भट्टीपाशी. ट्रे धुवायला. मालक म्हणाले, गिऱ्हाईक बघतं गं पोरी. एक बाई पाव परत देऊन गेली."

 वस्तादाचा धाकटा भाऊ कोपऱ्यात जेवत होता, तो थांबला. हा मिठाच्या खोलीत कातड्यांना मीठ चोळायचं काम करायचा. लग्न केलं नव्हतं, बोलणं जेमतेम, आणि बाराही महिने गळ्याला मफलर. म्हणून त्याचं नावच मफलर पडलं होतं. भर उन्हात मफलर का, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, "सवय." घरातल्यांना ठाऊक होतं की मफलरखाली गळ्याच्या गाठी फुटून वाहतात. पण ते त्याच्या लहानपणापासूनचं. जे लहानपणापासून असतं त्याला घरात कोणी रोग म्हणत नाही.

"मी उद्या एक मलम आणतो," वस्ताद म्हणाला.

"तुमची मलमं तीन वर्षं झाली," बायको म्हणाली. ती कधी आवाज चढवायची नाही, म्हणून तिचं ऐकावं लागायचं. "मंगळवारी सरकारी दवाखान्यात कातडीची डॉक्टरीण येते. जायचं."

"मग मीही येतो. कातडीतलं मला काय कळत नाही?"

"या की. तिला शिकवा चार गोष्टी."

मंगळवारी घरचे चौघेही गेले. मफलरला कोणी बोलावलं नव्हतं, पण पुतणी जाते म्हटल्यावर तो गप्प मागून निघाला. दवाखाना म्हणजे पत्र्याची लांब खोली, भिंतीला कमरेपर्यंत हिरवा रंग, बाकांवर खाजवणारी माणसं. डॉक्टरीण काटकुळी, जाड भिंगांची, केसांत पेन खोचलेलं. तिनं पोरीला खिडकीपाशी बसवलं, हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवला आणि बघत राहिली. बराच वेळ. वस्ताद दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता. घाई करत नाही, हे त्यानं मनात नोंदवलं. आणि बोटं चट्ट्यावर नाही, चट्ट्याच्या कडेवर फिरवते. दोष नेहमी कडेला दिसतो, हे तिला कोणी शिकवलं असेल?

मग तिनं टेबलावरची काचेची छोटी पट्टी उचलली, पुसली आणि पोरीच्या गालावर दाबली.

"काका, इकडे या," ती म्हणाली. "बघायचंय?"

वस्ताद वाकला. काचेखालची लाली पळून गेली होती. कातडी पांढरी पडली होती, आणि त्या पांढऱ्यात, आत, खोल, मधाच्या थेंबांसारखे पिवळट तपकिरी ठिपके दिसत होते. चार, पाच, सात. ते हलत नव्हते, पण त्यांतून उजेड येतोय असं वाटत होतं. त्यानं आयुष्यात किती कातडी आतून बघितली असतील, त्याला गणती नव्हती. पण त्यासाठी जनावर मरावं लागत होतं. ही बाई जिवंत माणसाच्या कातडीच्या आत बघत होती, आणि सुरीला हातही न लावता. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला.

"तपासल्याशिवाय सांगणार नाही. एक तुकडा काढावा लागेल." आणि तिची नजर टेबलावर टेकलेल्या त्याच्या हातावर गेली. "हे काय आहे, ते आधी तुम्ही सांगा."

"हे होय? हा शिक्का." तो जरा ताठ झाला. "आमच्या धंद्यातला. सात जणांना आहे."

"सात जणांना?" डॉक्टरीण पेन काढायला गेली ते केसांतच राहिलं. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला, भेगा दाबून बघितल्या. त्याचा हात असा कधी कोणी हातात घेतला नव्हता, बापानंसुद्धा नाही. मग तिनं मान वर केली आणि बाकावरच्या मफलरकडे बोट दाखवलं. "आणि ते उन्हाळ्यात गळा का बांधून बसलेत?"

"सवय," मफलर म्हणाला.

"सोडा."

त्यानं भावाकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं आणि सोडला. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी गाठी, निळसर तोंडं, त्यांच्यामध्ये दोऱ्यांसारखे आवळलेले जुने व्रण. खोलीतल्या खाजवणाऱ्या माणसांनीही खाजवणं थांबवलं.

"लहानपणी दूध कसलं प्यायचात?"

"म्हशीचं. धारेखाली तोंड धरून. तापवलेलं मला आवडत नाही."

डॉक्टरीण हळूच खुर्चीत बसली. शेवटी ती वस्तादाच्या बायकोकडे वळली. "तुम्हाला काही?"

"मला काही नाही," ती म्हणाली.  मग साडीची कड पोटरीपर्यंत वर घेतली. पोटऱ्यांच्या मागे जांभळट, कठीण गाठी होत्या, एक फुटलेली. "दर थंडीला येतात. यंदा गेल्याच नाहीत. चूल सोडून कुठे सांगत बसू?"

तीस वर्षं एका छपराखाली राहून वस्तादानं हे बघितलं नव्हतं. अख्ख्या गावाच्या जनावरांची कातडी वाचणारा माणूस, आणि घरात चार जणांची कातडी ओरडत होती.

पोरीच्या कानामागून आणि वस्तादाच्या हातावरून डॉक्टरिणीनं वाटाण्याएवढे तुकडे काढले. गोल नळीसारखं हत्यार, एक पीळ, चिमटा, एक टाका. वस्तादानं दुसरीकडे बघितलं नाही. तिचा हात थरथरला नाही आणि खालच्या थराला धक्का लागला नाही. "बाई, तुमचा हात चांगला आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे वाक्य कोणी ऐकलं असतं तर कत्तलखान्यात त्यावर आठवडाभर चर्चा झाली असती. छातीचे फोटो काढले, रक्त घेतलं, हातावर सुया टोचल्या, आणि तीन आठवड्यांनी यायला सांगितलं.

तीन आठवड्यांनी टेबलावर कागद पसरले होते. डॉक्टरिणीनं त्या दिवशी बाहेरचे पेशंट थांबवून ठेवले.

"टीबी आहे," ती म्हणाली. "क्षय."

"कोणाला?" बायकोनं विचारलं.

"चौघांना."

"टीबी म्हणजे खोकला," वस्ताद म्हणाला. "माणूस वाळतो. रक्त पडतं. आमच्यात कोण खोकतंय?"

"छाती चौघांची साफ आहे, देवाची कृपा म्हणा. हा कातडीत शिरलेला आहे. आणि काका, मला नोकरीला एकोणीस वर्षं झाली. याची एवढी रूपं एका घरात मी कधी बघितली नाहीत. पुस्तकातसुद्धा ती वेगवेगळ्या पानांवर असतात." ती हे म्हणाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. डोंगर पहिल्यांदा बघणाऱ्या माणसासारखा तो चेहरा होता. "तोच एक जीव. डोळ्यांना न दिसणारा, जनावराकडून कच्च्या दुधातून नाहीतर जखमेतून आत शिरणारा. तुमच्या हातावर तो झाडाची साल झाला, भावाच्या गळ्याला झरा झाला, पोरीच्या गालावर मधाचे थेंब झाला. आणि बाईंच्या पायात तर बहुधा तो जीव नाहीच. तो शरीरात कुठेतरी लपून आहे, आणि त्याच्यावरचा शरीराचा राग तेवढा पोटरीत उमटतो."

  वस्तादानं दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवले, एक खाली, एक वर.

"कातडीला दोन बाजू असतात," तो सावकाश म्हणाला. "केसाची आणि मांसाची. दोष केसाच्या बाजूनं शिरला तर वेगळा दिसतो. मांसाच्या बाजूनं वर आला तर वेगळा. नवशिक्याला वाटतं दोन रोग आहेत." त्यानं भावाकडे बघितलं. "त्याचा मांसाच्या बाजूनं वर आलाय. गाठीतून. माझा केसाच्या बाजूनं आत गेला. सुरीच्या वाटेनं."

डॉक्टरीण त्याच्याकडे बघत राहिली. "मी विद्यार्थ्यांना हे सांगायला अर्धा दिवस घेते," ती म्हणाली.

त्याला आपण मोठे झाल्यासारखं वाटलं. पण पुढचा प्रश्न आला आणि ते वाटणं तिथेच संपलं.

"आणि हिचा?" डॉक्टरिणीनं पोरीच्या कानाकडे बोट दाखवलं. "पाळीवर सुरू झालाय म्हणजे कान टोचल्यावर. दुसरं भोक पाडलंस ना? ते पिकलं असेल. काय लावलं होतंस?"

"बाबांनी चरबी लावली होती," पोरगी म्हणाली. साधेपणानं म्हणाली. मग तिचं तिलाच ऐकू आलं आणि तिचा हात कानाकडे गेला.

वस्तादाला तो दिवस लख्ख आठवला. कान सुजला म्हणून पोरगी रडत होती. त्या दिवशी पडलेल्या म्हशीच्या छातीत पांढरे दाणे निघाले होते. मुंगीच्या अंड्यांसारखे. असे दाणे कधीकधी निघतात, मग फुप्फुस फेकून द्यायचं असतं, तेवढं सगळ्यांना ठाऊक होतं. फुप्फुस त्यानं स्वतः फेकलं होतं. चरबी मात्र स्वच्छ होती, पांढरीशुभ्र. तिचा गोळा पानात बांधून त्यानं घरी आणला होता, आणि याच अंगठ्यानं, शिक्क्याच्या अंगठ्यानं, लेकीच्या कानाच्या भोकात दाबून भरला होता. 'आता बघ कसं पटकन बरं होतंय,' असंही म्हणाला होता.

"चरबी, सुरी, की हात, हे आता कोणीही नक्की सांगू शकणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पण यापुढे जखमेवर चरबी नको. कोणाच्याच. आणि गोळ्या सहा महिने. एक दिवस चुकवायची नाही. थांबवल्या तर चट्टा डोळ्याकडे जाईल, पापणी खाली ओढली जाईल. घेतल्या तर जाळ विझेल. राख राहील, ती मला पुसता येणार नाही."

घरी जाताना पोरगी आईच्या बाजूनं चालली. बापाच्या बाजूनं चालायची तिची रीत होती. त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं सोडलं.

गोळ्या सुरू झाल्या. सकाळी उपाशीपोटी चौघं रांगेत, आणि बायको एकेकाच्या तळहातावर मोजून ठेवायची. दुसऱ्या दिवशी मफलर मोरीतून पांढराफटक होऊन बाहेर आला. "दादा, मी चाललो," तो म्हणाला. "लघवी लालभडक होतेय." बायकोला हसू आवरेना. औषधानं तसं होतं हे डॉक्टरिणीनं बजावून सांगितलं होतं, पण मफलर त्या वेळी बाहेर बिडी ओढत होता.

आणि मग जे झालं ते वस्ताद रोज श्वास धरून बघत राहिला. लहानपणापासून वाहणारा भावाचा गळा महिन्याभरात सुकायला लागला. बायकोच्या पोटरीतली फुटलेली गाठ मिटली. पोरीच्या गालावरची कड आधी थांबली, मग बसली, मग तिचा रंग उतरला. मेलेलं कातडं मीठ लावून टिकवणं त्याला माहीत होतं. जिवंत कातडी स्वतःला आतून विणत वर येते, कोणी हात न लावता, धागा न दिसता, हे त्यानं कधी थांबून पाहिलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या हातावरच्या सालीचा एक पापुद्रा निघाला आणि खाली गुलाबी, तान्ह्या मुलाच्या असते तशी कातडी दिसली. तो मोरीच्या कट्ट्यावर बसून त्या जागेकडे बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शिक्का गेल्याचं दुःख की काय, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पोरगी मात्र बोलत नव्हती. ताट पुढे सरकवायची, पाणी ठेवायची, पण हातात काही द्यायची नाही. एकदा तो म्हणाला, "शिव्या घाल, पण बोल." ती उठून आत गेली.

महिना उलटल्यावर एके दिवशी दुपारी जेवताना ती आईला म्हणाली, "आई, विचार त्यांना. तिथे अजून चरबी लावतात का?"

आईनं विचारलं नाही. वस्तादाला ऐकू आलंच होतं. त्यानं हातातला घास ताटात ठेवला. कारण लावत होते. कालच एकानं त्याच्या डोळ्यांदेखत लावली होती, आणि तो दुसरीकडे बघत राहिला होता. सांगायचं तर काय सांगायचं? की ज्याच्यावरून मी तुम्हाला जोखलं, ज्याच्यासाठी तुम्हाला वर्षानुवर्षं पाठ सोलू दिली नाही, तो रोग होता? आज्याचा, बापाचा, माझा? मग वस्ताद म्हणून उरतो कोण?

"आणि सांग त्यांना," पोरगी भाकरी मोडत म्हणाली, "डावऱ्याकाकांना दोन मुली आहेत. त्यांचेही कान टोचतील."

त्या दुपारी तो हात धुवून उठला तो जेवण अर्धं टाकूनच. सकाळची पाळी संपत आली असताना तो कत्तलखान्यात परत शिरला. फरशीवर पाणी आणि रक्त मिळून वाहत होतं, आकड्यांना चार म्हशी टांगलेल्या, आणि नेमका त्याच वेळी डावऱ्याचा हात घसरला. "आईगं," एवढंच तो म्हणाला आणि सवयीनं समोरच्या जनावराच्या पोटात हात घालून त्यानं अंगठ्यावर चरबीचा गोळा काढला.

"ती लावू नको," वस्ताद म्हणाला.

"काय?"

"लावू नको. सगळे ऐका. शिक्का म्हणजे क्षय आहे. टीबी. जनावराचा आपल्यात येतो. सुरीनं येतो, चरबीनं येतो. दवाखान्यात तुकडा काढून बघितलाय."

सुऱ्या थांबल्या. मग कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळेच हसले.

"वस्ताद, हात थकला की शिक्क्याला नावं ठेवायची होय?"

"माझा बाप ऐंशी वर्षं जगला शिक्का घेऊन!"

"याचा गेला ना, म्हणून आता सगळ्यांचा घालवायला निघालाय."

तो काही तरी बोलत होता, पण त्याचा आवाज पुरत नव्हता. चाळीस वर्षं या फरशीवर त्याला दोनदा सांगावं लागलं नव्हतं. आज तिसऱ्यांदा सांगत होता, आणि डावरा अंगठ्यावरची चरबी तशीच धरून हसत उभा होता. वस्तादाला लाज वाटली. सोललेल्या जनावरासारखा तो सगळ्यांसमोर उभा होता.

मग हसू दाराकडून विझत आलं.

पोरगी दारात उभी होती. कत्तलखान्याच्या फरशीवर बाईमाणूस कधी आलं नव्हतं. ती चपला हातात घेऊन, रक्ताच्या पाण्यातून अनवाणी चालत मधोमध आली. बाप सांगतो की नाही ते बघायला ती मागोमाग आली होती, हे त्याला पुढे बायकोकडून कळलं. तिनं डोक्यावरची ओढणी काढली, केस मागे घेतले आणि गाल वरच्या झरोक्यातून येणाऱ्या उन्हाकडे धरला. अर्धी उरलेली पाळी. पांढुरकी, आवळलेली, कागदासारखी कातडी. कडेला अजून थोडी धग. एकेकाळी या पोरीच्या हातून पाव घ्यायला यातले निम्मे जण वाट वाकडी करून जात असत.

"तुमच्या हातावर आहे ना, तेच हे," ती म्हणाली. "बाबांनी चरबी लावली होती. माया म्हणून."

 कातडी वाचायला वस्तादानंच त्यांना शिकवलं होतं, आणि आता ते सगळे वाचत होते. मध्ये राख, कडेला जाळ. एकेकानं नजर खाली आणली आणि स्वतःच्या हाताकडे बघितलं, आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय असं. वस्ताद लेकीकडे बघत होता. एवढी हिंमत या अंगात कुठून आली, हे त्याला कळेना. आपल्यातून तर नक्की नाही.

डावऱ्याच्या अंगठ्यावरची चरबी वितळून मनगटावर ओघळली होती. बेचक्यातून रक्त ठिबकत होतं.

"मग लावायचं काय?" त्यानं विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

 वस्तादाच्या आज्यापासून चालत आलेल्या विद्येत याचं उत्तर नव्हतं.

"काही नाही," पोरगी म्हणाली. "साबण आणि पाणी. मग स्वच्छ कापड. आणि मंगळवारी दवाखाना."

"साबण?" एवढा थोरला गडी, चेहरा पडला त्याचा. "नुसता साबण?"

कोपऱ्यातल्या नळावर साबणाची एक झिजलेली वडी होती, घरी जाताना वास घालवायला ठेवलेली. पोरीनं ती आणली आणि डावऱ्याच्या हातात दिली. तो नळाखाली वाकला. त्याच्या मागे दुसरा येऊन उभा राहिला, मग तिसरा.  एकेक रुंद, केसाळ, शिक्क्याचा हात पाण्याखाली जात होता आणि फेस तांबडा होऊन वाहत होता. टांगलेल्या जनावरांवर माश्या बसायला लागल्या, तरी कोणी हाकलायला गेलं नाही. वस्ताद रांगेच्या शेवटी उभा राहिला. त्या फरशीवर तो कशातही शेवटी उभा राहिला, असं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

त्याची पाळी आली तेव्हा वडी चपटी होऊन गेली होती. पोरगी नळापाशीच उभी होती, वडी परत तिच्या हातात आली होती. त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि मान खाली घातली. तिनं वडी खाली ठेवली नाही. त्याच्या हातात दिली.

"नीट घासा, बाबा," ती म्हणाली.